लिव्हरमोरचा दिवा

सॅन फ्रान्सिस्कोहून पूर्वेकडे निघालेली बार्ट नावाची आगगाडी पाऊण-एक तासाने डब्लिनला येते आणि तिथेच तिचा मार्ग संपतो. हे डब्लिन आयर्लंडातले नव्हे. कॅलिफोर्नियातले, आपल्या मंडळींनी गजबजलेले एक नवे गाव. गाडीतून उतरल्यावर मराठी, तेलुगू, गुजराती यांतले काहीतरी कानावर पडल्यावाचून राहत नाही. गावाच्या कडेने एक मोठा रस्ता पूर्वेला जातो. त्याच्या दोन्ही अंगांना बोडक्या टेकड्या आहेत. इथले लोक त्यांना कौतुकाने सोनेरी म्हणतात. आपल्याला मात्र वैशाखातल्या सासवड-जेजुरीची आठवण होते. तेच वाळून पिवळे पडलेले गवत, तेच लांबवर दिसणारे एखादे एकटे झाड. फक्त ते बाभळीचे नसून ओकचे असते एवढेच. या रस्त्याने आणखी पंधरा-एक किलोमीटर गेले की द्राक्षांचे मळे लागतात, त्यांच्यामागे आल्टामाँटच्या खिंडीतल्या पवनचक्क्या हात फिरवताना दिसतात, आणि लिव्हरमोर गाव येते.

या भागात राहणारा महाराष्ट्रीय माणूस लिव्हरमोरला जातो तो बहुधा शिवविष्णू मंदिरात. माझे तिथे एक दुसरेही दैवत होते. गावातल्या ईस्ट अ‍ॅव्हेन्यूवर सहा नंबरचे अग्निशामक ठाणे आहे. तिथे विजेचा एक दिवा १९०१ सालापासून जळतो आहे. पूर्वीच्या वीजमंडळाच्या कचेरीत ज्याने तीस वर्षे काढली, त्याने कॅलिफोर्नियात येऊन तो दिवा न पाहता परत जावे, हे मला तरी पटण्यासारखे नव्हते. गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ साली, तो योग आला. परंतु त्या दिव्याविषयी सांगण्याआधी वाचकांना डब्लिनमधल्या दुसऱ्या काही दिव्यांविषयी सांगितले पाहिजे. कारण ते पाहिले नसते तर मी लिव्हरमोरच्या दिव्याकडे नुसते एक नवल म्हणून पाहून परतलो असतो.

आमचा भाचा डब्लिनला राहतो. माझी थोरली बहीण, आमची आक्का, सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे आली होती आणि तिच्या सोबतीला म्हणून मीही महिनाभर गेलो होतो. घर लाकडी, दुमजली, दृष्ट लागावी असे नीटनेटके. आणि हुशार. हा शब्द माझा नाही. अशा घरांना स्मार्ट होम म्हणायचे असते. घराला किल्ली नाही. आकडे दाबून किंवा फोन दाखवून दार उघडते. दाराची घंटा वाजवणाऱ्याचे चित्र कचेरीत बसलेल्या भाच्याला दिसते. दिवाणखान्यात एक बोलका डबा बसवला आहे. त्याला त्याच्या नावाने हाक मारून हुकूम सोडला की तो दिवे लावतो, गाणी म्हणतो, हवामान सांगतो. त्याला इंग्रजी कळते. आक्काचे इंग्रजी मात्र कळत नाही. एकदा तिने चार वेळा "किचन लाइट" म्हटल्यावर त्याने तिला कोंबडीच्या पाककृती ऐकवायला सुरुवात केली. आक्काने आयुष्यात अंडेदेखील फोडलेले नाही.

गंमत म्हणून या साऱ्या गोष्टी दोन दिवस छान वाटतात. तिसऱ्या दिवशी माणसाला कामे असतात.

खाली एक न्हाणीघर होते. आत पाऊल टाकले की तिथला दिवा आपोआप लागे, आणि हालचाल थांबली की थोड्या वेळाने आपोआप मालवे. आता न्हाणीघरात माणूस काही काळ निश्चल बसतो, हे कुणाही समजूतदार माणसाला ठाऊक असते. त्या यंत्राला नव्हते. मग काळोखात बसल्या बसल्या दोन्ही हात वर करून आरती ओवाळल्यासारखे हलवायचे. उष्णतामानाच्या यंत्राची तऱ्हा निराळी. घरात कुणी आहे की नाही हे ते हालचालीवरून ओळखी. सकाळी मंडळी कामाला आणि नात शाळेला गेली की आम्ही दोघे म्हातारे शाल पांघरून बसल्या जागी बसलेले. यंत्राच्या लेखी घरात कुणी नाहीच. ते बिचारे इमानेइतबारे गरम हवा बंद करी, आणि मग आम्ही आहोत हे सिद्ध करण्यासाठी मी तासातासाने उठून एक फेरी मारी.

स्वयंपाकघरातल्या शेगडीला बटणे नाहीत. गुळगुळीत काळी काच, तिच्यावर रंगीत आकडे, बोट टेकवायचे. ओले बोट टेकवले तर तिला कळत नाही. दूध उतू जाऊन आकड्यांवर आले तर ती पीं पीं करून विझते. आक्काने पुण्याहून आणलेले अ‍ॅल्युमिनियमचे पातेले तर तिने ओळखलेच नाही. ही शेगडी चुंबकाच्या तत्त्वावर चालते, तिला लोखंडाच्या जातीचे बूड लागते. स्वयंपाक करताना बाईचे हात ओले असतात, ही गोष्ट ज्या कारखान्यात ही काच तयार झाली तिथे कुणाला सुचली नसेल काय? पन्नास माणसांचा स्वयंपाक एकटीने रांधलेली आमची बहीण, पुरण शिजवताना पदराला बोट पुसून पुसून एकेक आकडा दाबत होती, आणि आठ वर्षांची नात शेजारी उभी राहून तिला शिकवत होती. नात हुशार आहे, प्रेमळ आहे. पण आक्काचा चेहरा पाहून मी तिथून उठून गेलो.

भाच्याची बाजूही सांगायला हवी. त्याने हे सारे आईसाठी हौसेने केले होते. ती पडली तर कळावे म्हणून स्वयंपाकघरात कॅमेरा बसवला होता. (आक्का त्याच्याकडे पाठ करून जेवत असे, हे त्याच्या कधी लक्षात आले नाही.) उठून बटणापर्यंत जावे लागू नये म्हणून तिच्या खोलीत बोलका डबा ठेवला होता. आणि अशी यंत्रे काहींना वरदान आहेत, हेही खरे. ज्यांना दिसत नाही, ज्यांचे हातपाय चालत नाहीत, त्यांना शब्दासरशी दिवा लागणे म्हणजे काय ते आपल्याला सांगून कळायचे नाही. माझी तक्रार निराळी आहे. ती भिंतीवरच्या बटणासंबंधी आहे.

आक्काच्या खोलीत दाराजवळ एक साधे बटण होते. त्यावर भाच्याने चिकटपट्टी लावून ते दाबता येणार नाही असे केले होते आणि वर आपल्या अक्षरात "कृपया बंद करू नये" असे लिहिले होते. का, तर हे हुशार दिवे स्वतःच्या पोटात एक लहानसे रेडिओयंत्र बाळगून असतात. त्याला अष्टौप्रहर वीज लागते. भिंतीवरचे बटण बंद केले की दिव्याची शुद्ध हरपते आणि मग फोनवरून कितीही हाका मारा, तो ऐकत नाही. म्हणून बटण कायम चालू ठेवायचे आणि दिवा फोनने किंवा शब्दाने लावायचा. तो शब्द भाच्याच्या घरी असा प्रवास करी: डब्याने ऐकायचे, घरातल्या वायफायच्या पेटीकडे द्यायचे, तिने बाहेर धाडायचे, दूर कुठेतरी एका मोठ्या संगणककेंद्रात त्याचा अर्थ लावायचा, आणि मग हुकूम उलट पावली दिव्यापर्यंत यायचा. हाताच्या अंतरावरचा दिवा लावण्यासाठी ही एवढी यातायात! सगळ्याच घरांत असे असते असे नाही; काही यंत्रे आपला कारभार घरातल्या घरात उरकतात. इथली उरकत नव्हती.

मी वीजमंडळातला माणूस. बटणाबद्दल मला आदर आहे. न्यूकॅसलच्या जॉन होम्स नावाच्या गृहस्थाने १८८४ साली झटकन उघडणारे बटण तयार केले. आत स्प्रिंग असते. तिच्यामुळे दोन पट्ट्या क्षणात दूर होतात आणि ठिणगी उडत राहत नाही. आपण जो 'टक्' आवाज ऐकतो तो त्या स्प्रिंगचा. तेव्हापासून त्यात मुळात फारसा बदल झालेला नाही. बटण घराच्या मालकाला ओळखत नाही, की पाहुण्याला हटकत नाही. पहाटे आलेल्या दूधवाल्यालाही ते वश असते, कामाच्या बाईला असते, शेजारच्या पोराला असते. अंधारात हात फिरवून ते सापडते. आणि ज्या घरात दिवा लावण्यासाठी कुणाच्या तरी फोनची परवानगी लागते, त्या घरात ज्याच्याकडे फोन तोच काय तो घरचा. बाकी सारे पाहुणे. आक्का मुलाच्या घरी आली होती आणि सहा महिने पाहुणी म्हणून राहत होती, ती या अर्थाने.

नरकचतुर्दशीची रात्र होती. बारा वाजून गेले होते, म्हणजे इंग्रजी तारीख २० ऑक्टोबर लागली होती. सुमारे एकच्या वेळी आक्काला उठावे लागले. तिने नेहमीप्रमाणे डब्याला हाक मारली. डब्याने इंग्रजीत काही दिलगिरीचे शब्द उच्चारले आणि तो गप्प झाला. तिने पुन्हा सांगितले, पुन्हा तेच. सकाळी सगळ्यांना लवकर उठायचे, लक्ष्मीपूजनाचा दिवस. कुणाची झोप मोडायची नाही म्हणून सत्त्याहत्तर वर्षांची ही बाई भिंत चाचपत निघाली. बटणाला तिचा हात लागलाही होता; पण त्यावर चिठ्ठी होती, आणि आपण दाबले तर घरातले आणखी काही बिघडेल अशी तिला धास्ती. पलंगाच्या कोपऱ्यावर नडगी आपटली. ती हे कुणाला सांगणार नव्हतीच. सकाळी ती पाय ओढत चालताना मला दिसली म्हणून कळले.

भाचा फार ओशाळला. त्याने फोन काढून पाहिले आणि म्हणाला, "मामा, आपल्याकडे काहीच बिघडलेलं नाही. व्हर्जिनियात बिघडलंय."

व्हर्जिनिया अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, अटलांटिकच्या बाजूला. चार हजार किलोमीटर तरी असेल. तिथल्या एका प्रचंड संगणककेंद्रात त्या रात्री घोटाळा झाला होता आणि त्याचे पडसाद जगभर उमटले होते. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत एकेक नवल वाचायला मिळाले. काही श्रीमंत मंडळी हव्या तशा गरम किंवा गार होणाऱ्या गाद्यांवर झोपतात म्हणे. त्यांच्या गाद्या हुकूम न मिळाल्याने नको तितक्या तापून राहिल्या, काहींचे पलंग उठवलेल्या डोक्यानिशी तसेच अडून बसले. हसू येते, पण माझे लक्ष आक्काच्या नडगीवरच्या काळ्यानिळ्या डागाकडे होते.

"पण मग तिनं करायचं तरी काय होतं?" मी विचारले.

भाचा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ते भिंतीवरचं बटण एकदा बंद करून परत चालू केलं असतं, तर दिवा लागला असता."

त्या संध्याकाळी दारातला आकाशकंदील वेळेवर लागला नाही. तोही फोनवर चालणारा. पणत्या मात्र आगपेटीच्या काडीने लागल्या. नातीने लावल्या.

अशा गोष्टी एखाद्याच घरी घडतात असे समजण्याचे कारण नाही. घरातल्या निरनिराळ्या यंत्रांना एका सूत्रात बांधणारी रिव्हॉल्व्ह नावाची पेटी इथे सुमारे तीनशे डॉलरला मिळत असे. तिची कंपनी दुसऱ्या कंपनीने २०१४ साली विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी त्या पेट्यांचा कारभार बंद केला. पेट्या मोडल्या नव्हत्या, त्यांना कुणी हात लावला नव्हता. लोकांच्या कपाटांवर त्या होत्या तिथे निकामी झाल्या. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन नावाच्या व्यवस्थेचे संगणक असेच एके दिवशी, आधी एक शब्द न सांगता, थंडावले. पुढे काही गिऱ्हाइकांनीच मिळून ती कंपनी विकत घेऊन सुरू केली म्हणून निभावले. घरात विकत आणून ठेवलेली वस्तू आपली, ही आपली समजूत. आपल्या आजीचा पितळी दिवा तो घडवणारा तांबट वारल्यावर विझला नाही.

पाडव्याच्या दिवशी भाच्याने रजा घेतली आणि आम्ही सारे लिव्हरमोरला गेलो. मंदिरात गर्दी होती, रांगोळ्या होत्या. तिथे शंकर आणि विष्णू एकाच छपराखाली नांदतात आणि बांधणीतही उत्तर व दक्षिण यांचा मेळ घातलेला आहे. परदेशात भाविकांना इतके बारकावे ठेवणे परवडत नसावे. प्रसाद घेऊन आम्ही ईस्ट अ‍ॅव्हेन्यूला लागलो.

ठाणे अगदी साधे आहे. जवळून गेलात तर लक्षातही येणार नाही. मागच्या बाजूला जाऊन घंटा वाजवायची. जवान आग विझवायला गेलेले नसतील तर दार उघडतात. एका तरुण जवानाने आम्हाला आत घेतले. तांबडे बंब उभे होते, त्यांचे पितळ चकचकत होते, आणि वर, हात पुरणार नाही अशा उंचीवर, छतातून लोंबणाऱ्या वायरीच्या टोकाला तो दिवा होता. लहानसा, फुगीर, हाताने फुंकलेल्या काचेचा. आतली कोळशाची तार डोळ्यांना सहज दिसत होती, इतका तिचा उजेड मंद. शेगडीतला निखारा राखेखाली दिसावा तसा रंग.

ओहायओ राज्यातल्या शेल्बी इथल्या कारखान्यात तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाला. गावाला वीज पुरवणाऱ्या कंपनीच्या मालकाने तो बंबवाल्यांना दिला आणि १९०१ साली तो लागला. मुंबईच्या रस्त्यांवर तेव्हा गॅसचे दिवे जळत होते. त्यानंतर त्याने काही घरे बदलली. १९७६ साली त्याला या ठाण्यात आणले, तेव्हा फिरकी देऊन काढताना धक्का लागेल या भीतीने त्याची वायरच कापली आणि बंबांच्या लवाजम्यासह मिरवत आणले. बावीस मिनिटे तो विझला होता म्हणतात. २०१५ साली त्याने दहा लाख तास पुरे केले, तेव्हा गावाने उत्सव केला.

आता इतकी वर्षे तो टिकला कसा, यात गूढ फारसे नाही. तार जाड आहे, वीज अगदी थोडी, जेमतेम चार वॅट, आणि तो जवळजवळ कधी बंद केलेला नाही. दिवा सारखा लावला-मालवला की तार तापते, निवते, आणि शेवटी तुटते; या पठ्ठ्याला तो ताप नाही. शिवाय त्याच्या उजेडात वर्तमानपत्र वाचता येणार नाही. चार वॅटचा आजचा एलईडी दिवा लहानशा खोलीचे काम भागवतो. तेव्हा जुने ते सोने असा जयघोष करण्याइतका मी भाबडा नाही. पण त्या जवानाने २०१३ सालची जी हकीकत सांगितली ती ऐकून मी त्या दिव्याला मनोमन नमस्कार केला.

या दिव्याचे दर्शन घरबसल्या घडावे म्हणून त्याच्यावर एक कॅमेरा लावलेला आहे. मे २०१३ मध्ये एका रात्री तो पाहणाऱ्यांना दिवा विझलेला दिसला. हाहाकार झाला. शतक पाहिलेला दिवा गेला! सकाळी वीजतंत्री आला, त्याने तपासले, तर दिवा ठणठणीत. त्याचा वीजपुरवठा कधी खंडित होऊ नये म्हणून जे खास संरक्षक यंत्र मध्ये बसवले होते, तेच बिघडले होते. त्याने ते यंत्र वगळून एक साधी लांब वायर जोडली, आणि दिवा लागला.

भाचा हे ऐकत होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

याच रस्त्यावर पुढे लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळा आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी तिथे १९२ लेसरचे झोत वाटाण्याहूनही बारीक गोळीवर एकवटून, आत गेलेल्या लेसरशक्तीपेक्षा अधिक शक्ती बाहेर काढली; २.०५ मेगाज्यूल दिली, ३.१५ मिळाली. लेसर पेटवायला लागलेली वीज याहून कितीतरी पट होती ही गोष्ट वेगळी. तरी सूर्य ज्या रीतीने जळतो ती रीत पृथ्वीवर साधण्याच्या मार्गावरचे ते मोठे पाऊल होते. अवघड यंत्रांशी माझे वैर नाही, हे सांगायला मला ही प्रयोगशाळा बरी सापडली. तिथले काम अवघड आहे म्हणून यंत्र अवघड आहे. न्हाणीघरातल्या दिव्याचे काम अवघड नाही.

आक्का मान वर करून बराच वेळ पाहत उभी होती. दिवा दिसला की हात जोडायची तिची सवय. तिने हात जोडले. मग जवानाकडे वळून तिने मराठीतच विचारले, "याला रात्री तरी विश्रांती देता का रे बाबा?" नातीने त्याचे इंग्रजी करून सांगितले. तो हसून नाही म्हणाला.

परतताना वाटेत मी भाच्याला एका सामानसुमानाच्या मोठ्या दुकानाशी गाडी थांबवायला लावली. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती आणि मला ओवाळणी घ्यायची होती. दुकानात दिव्यांच्या दोन लांबच लांब रांगा. बहुतेक खोक्यांवर फोनचे चित्र. शोधता शोधता सर्वांत खालच्या फळीवर, मागे सरकवलेला, टेबलावर ठेवण्याचा एक दिवा मिळाला. वायरीवर अंगठ्याने दाबायचे बटण. दहा-बारा डॉलर पडले.

भाऊबीजेला आक्काने ओवाळले. मी तबकात ते खोके ठेवले. तिने तिथेच ते उघडले, दिवा टेबलावर ठेवून वायर भिंतीत खोचली आणि बटण दाबले. मग बंद केले. मग पुन्हा दाबले. भाच्याने दिवा उचलून उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "छान आहे, मामा. याला आपण एक स्मार्ट प्लग लावला, की..."

आक्काने त्याच्या हातातून दिवा घेतला आणि ती तो आपल्या खोलीत घेऊन गेली.